कोर्टात आपला बातमीदार कुठे आहे?

गेल्या महिन्यात एका समाजबांधवाने आमच्या मोबाईलवर एक कात्रण पाठविले. पिंपरी-चिंचवड ते चाकण या आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका न्यायालयाच्या निकालाची ती बातमी होती. मथळा असा : ‘अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा खोटा ठरला, सर्व आरोपी निर्दोष’. खाली जेमतेम आठ ओळी. कात्रणासोबत त्याने एकच प्रश्न लिहिला होता, ‘वकीलसाहेब, आपलीच माणसं खोट्या केसेस करतात का हो?’

हा प्रश्न विचारणारा कुणी ऐरागैरा नाही. भोसरीच्या एमआयडीसीत तो वीस वर्षे लेथ चालवितो. दर १४ एप्रिलला पिंपरीच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी स्वयंसेवक म्हणून रात्रभर उभा असतो. अशा माणसाच्या मनात आठ ओळींनी शंका पेरली!

आम्ही निकालपत्र मिळवून वाचले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ‘खोटा’ हा शब्द त्यात कुठेही नाही. फिर्यादीचा जातीचा दाखला तपास अधिकाऱ्याने जोडला होता. पण तो साक्षीपुराव्यात रीतसर शाबीत करून घेण्याचे सरकार पक्षाकडून राहून गेले. दोन पंच फितूर झाले. जातिवाचक शिवीगाळ झाली ती जागा ‘लोकांच्या नजरेसमोरची’ होती, हे सांगणारा एकही स्वतंत्र साक्षीदार तपासला गेला नाही. आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) व (एस) खाली तर ते सिद्ध करावेच लागते. म्हणून संशयाचा फायदा देऊन आरोपी सोडले. गुन्हा घडलाच नाही असे न्यायालयाने म्हटलेले नाही. सरकार पक्षाला तो सिद्ध करता आला नाही, इतकेच म्हटले आहे. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

मग त्या आठ ओळी आल्या कुठून? चौकशी केली तेव्हा कळले की निकालाच्या दिवशी कोर्टरूममध्ये एकही बातमीदार नव्हता. आरोपींच्या बाजूने आलेले प्रसिद्धिपत्रक संध्याकाळी एका वृत्तपत्राच्या कार्यालयात पोचले आणि दुसऱ्या दिवशी ते बातमी होऊन घरोघरी गेले.

या निमित्ताने आम्हाला आमच्या एका पत्रकार मित्राविषयी लिहावेसे वाटते. नाव देत नाही, कारण त्याला ते आवडणार नाही. मराठवाड्यातून वडिलांच्या मागोमाग तो निगडीच्या ओटास्कीममध्ये आला, रात्रीचे कॉलेज करून बी. ए. झाला आणि एका दैनिकाला बातम्या देऊ लागला. नोकरी नाही, नेमणूकपत्र नाही. छापून येईल तेवढ्या मजकुराचे मानधन. इतर पोरे महापालिकेच्या सभा आणि नेत्यांच्या पत्रकार परिषदा धरायची. तिथे चहा-नाश्ता असतो, ओळखी होतात, दिवाळीला मिठाईचा डबा येतो. हा गडी मोरवाडीच्या कोर्टात जाऊन बसू लागला. आम्ही नुकतीच सनद घेतली होती. सकाळी साडेदहाला दारावर लावलेला दिवसाचा बोर्ड वहीत उतरवून घेणारा हा पोरगा आम्हाला आधी कुणा वकिलाचा कारकूनच वाटला होता.

वीस वर्षांहून अधिक काळ तो हेच काम करतो आहे. पिंपरी, राजगुरुनगरचे खेड न्यायालय, पुण्याचे कामगार न्यायालय. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, चिंबळी, आळंदी फाटा करीत चाकण गाठायचे, तळेगाव चौकातल्या ट्रक-ट्रेलरच्या रांगेतून दुचाकी काढायची आणि पुकारा होण्याआधी राजगुरुनगरला पोचायचे. तीसेक किलोमीटर जाणे, तेवढेच येणे. पुष्कळदा कळते की साहेब रजेवर आहेत किंवा आरोपीला तुरुंगातून आणायला पोलीस पार्टीच मिळाली नाही. पुढची तारीख. बातमी नाही म्हणजे त्या दिवसाचे मानधन नाही. पेट्रोल मात्र जळलेले असते.

आता कुणी म्हणेल, यात विशेष ते काय? पोटासाठी प्रत्येक जण धावतो. विशेष आहे ते त्याच्या कामाच्या पद्धतीत. तो प्रसिद्धिपत्रक घेत नाही. आरोपीच्या वकिलाचे घेत नाही, सरकारी वकिलाचे घेत नाही, आमचेही घेत नाही. कागद पाहिल्याशिवाय लिहीत नाही. रोजनामा पाहतो, नकलेसाठी अर्ज होईपर्यंत थांबतो. आज ई-कोर्टच्या संकेतस्थळावर खटल्याचा क्रमांक टाकला की तारखा आणि बरेचसे आदेश घरबसल्या दिसतात. पण पूर्वी नक्कल विभागातल्या बाकावर अर्धा-अर्धा दिवस बसण्याला पर्याय नव्हता, आणि तो बसायचा. ‘न्यायालय म्हणाले’ आणि ‘न्यायालयाने आदेश दिला’ यांतला फरक त्याला कुणी वर्गात शिकविलेला नाही. युक्तिवाद चालू असताना न्यायाधीश तोंडी काय बोलले याची बातमी करून ‘ताशेरे’ असा मथळा द्यायची चाल सर्रास आहे. तो आदेशात उतरलेलेच लिहितो. कायद्याचे इंग्रजी मराठीत आणताना एकेका शब्दासाठी आम्हाला रात्री फोन करतो. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असावी असे शासनाने १९९८ साली जाहीर केले. तरीही कितीतरी निकालपत्रे इंग्रजीतच येतात आणि ज्याच्या जन्माचा प्रश्न त्यात असतो, त्या पक्षकाराला ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागतात.

न्यायालयाचे काम उघड्यावर चालले पाहिजे हे तत्त्व आपल्याकडे फार मोठ्या आवाजात सांगितले जाते. पत्रकाराला तिथे बसण्याचा, ऐकण्याचा आणि खरे ते छापण्याचा हक्क किती, हा प्रश्न महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९६४ साली मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’चे संपादक करंजिया यांच्याविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. आपल्या साक्षीच्या बातम्या आल्या तर धंद्याचे नुकसान होते, अशी तक्रार भाईचंद गोडा या साक्षीदाराने केली आणि न्यायमूर्ती तारकुंडे यांनी त्याची साक्ष छापू नये असा तोंडी आदेश दिला. ‘ब्लिट्झ’चे बातमीदार नरेश श्रीधर मिरजकर आणि त्यांच्यासोबत इतर पत्रकार त्याविरुद्ध गेले. ३ मार्च १९६६ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांसह बहुमताने पत्रकारांच्या याचिका फेटाळल्या. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकट्याने वेगळे मत नोंदविले. पत्रकार हरले खरे, परंतु खटले सर्वसाधारणपणे खुल्या न्यायालयातच चालले पाहिजेत हे सूत्र बहुमतानेही मान्य केले. न्यायालयाच्या कामकाजाचे प्रामाणिक आणि अचूक वृत्त छापणे हा अवमान होत नाही, हे पुढे १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याच्या कलम ४ ने स्पष्टच केले. फौजदारी कायद्यातल्या अब्रुनुकसानीच्या अपवादांतही न्यायालयीन कामकाजाच्या खऱ्या वृत्ताला संरक्षण आहे.

म्हणजे हक्क आहे, दार उघडे आहे. आत जाऊन बसायला माणूस नाही. सर्वोच्च न्यायालयात निदान अधिकृत वार्ताहरांची व्यवस्था आहे. त्यासाठी लागणारी कायद्याच्या पदवीची अटही ऑक्टोबर २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली. घटनापीठांची सुनावणी सप्टेंबर २०२२ पासून घरबसल्या पाहता येते. पण आमच्या माणसाचा खटला दिल्लीत सुरू होत नाही. तो तालुक्याच्या ठिकाणी सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. तिथे पत्रकारांसाठी वेगळा बाक नसतो. आमचा मित्र बहुधा दाराशी, कोर्ट ड्युटीच्या हवालदाराशेजारी उभा असतो.

या रिकाम्या बाकाची किंमत आपण किती मोजली आहे, ते पाहा. खैरलांजीचे हत्याकांड २९ सप्टेंबर २००६ चे. ते समाजापर्यंत पोचायला किती आठवडे लागले आणि ते कुणी पोचविले, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पुढे सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, सहा जणांना फाशी सुनावली. जिकडेतिकडे फाशीचीच चर्चा झाली, आपल्यातल्या कित्येकांनी पेढे वाटले. त्याच निकालात अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचे आरोप टिकले नव्हते, जात हे त्या हत्यांचे कारणच मानले गेले नव्हते, हे किती जणांनी त्या दिवशी वाचले? १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची शिक्षा दिली आणि अ‍ॅट्रॉसिटी तिथेही लागली नाही, तेव्हा अनेकांना धक्का बसला. वास्तविक धक्क्याचे कारण दोन वर्षांपूर्वीच्या निकालपत्रात छापलेले होते.

आणि २० मार्च २०१८. चवदार तळ्याच्या दिवशीच नेमका तो निकाल यावा! कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालावरून सुरू झालेले प्रकरण सर्वोच्च न्यायालयात ‘सुभाष काशिनाथ महाजन’ खटला म्हणून गेले आणि दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने अ‍ॅट्रॉसिटीखालील अटकेवर बंधने घातली. कायद्याचा गैरवापर होतो, या म्हणण्याला आधार म्हणून सुटलेल्या खटल्यांचे आकडे पुढे आले. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसे मेली. संसदेने कायद्यात कलम १८ अ घातले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती अरुण मिश्रा, एम. आर. शाह आणि भूषण गवई यांच्या खंडपीठाने ते निर्देश मागे घेतले. हा इतिहास वाचकांना पाठ आहे. आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. आरोपी सुटले म्हणजे फिर्याद खोटी, हे समीकरण इतक्या वर पोचले कसे? खाली तालुक्या-तालुक्यात प्रत्येक सुटकेनंतर तसाच मथळा छापला जात होता, आणि साक्षीदार का फितूर झाला, नियम ७ प्रमाणे पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने तपास केला होता की खालच्याच कुणी कागद रंगविले होते, हे लिहून ठेवणारा माणूस तिथे नव्हता. तसे कोर्टागणिक लिहिलेले वृत्त वीस वर्षांचे साठलेले असते, तर २०१८ साली आमच्या वकिलांच्या हातात आकड्यांना उत्तर देणारा ढिगारा असता. आमच्या हातात होत्या त्या निषेधाच्या पत्रकांच्या फायली.

बाबासाहेबांना हे काम किती महत्त्वाचे वाटत होते, हे त्यांच्या आयुष्यावरूनच दिसते. बॅरिस्टर आणि संपादक ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी केली. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी घेतले. डिसेंबरात महाडच्या न्यायालयाने सनातन्यांच्या दाव्यात मनाई हुकूम दिला. आणि उच्च न्यायालयात तो दावा अखेर निकाली निघाला १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षांना अवघे तीन दिवस कमी! सत्याग्रह आपण दरवर्षी साजरा करतो, ते योग्यच आहे. त्यामागे खालच्या न्यायालयापासून वरपर्यंत दहा वर्षे तारखा सांभाळल्या गेल्या, हे मात्र भाषणांत क्वचितच येते.

हा पट्टा कामगारांचा आहे, तेव्हा कामगार न्यायालयाविषयीही थोडे. बजाजच्या चाकण कारखान्यात २५ जून २०१३ पासून पन्नास दिवस संप चालला, तेव्हा रोज बातम्या होत्या. संप म्हणजे गर्दी, घोषणा, फोटो. पण कामावरून काढलेल्या एकट्या-दुकट्या ठेका कामगाराचा दावा वर्षानुवर्षे चालतो, त्याला फोटो नसतो. ठेका पद्धत रद्द झाली तरी ठेकेदाराचा कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही, हा स्टील अ‍ॅथॉरिटी खटल्याचा ३० ऑगस्ट २००१ चा निकाल. चाकणच्या कंपन्यांत आपली हजारो मुले ठेकेदाराच्या हजेरीवर राबतात. त्यांच्यापैकी कितींना तो ठाऊक आहे? ठेका हा केवळ दिखावा होता असे सिद्ध झाले तर दाद मिळू शकते, अशी वाटही त्याच निकालात आहे. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात केकवरच्या फुलबाज्या बनविणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि पोटासाठी राबणाऱ्या बायका जळून गेल्या. दोन दिवस कॅमेरे होते. भरपाईचा अर्ज कुणाकडे करायचा, मालक कोण हे कसे शाबीत करायचे, ही बातमी तिसऱ्या दिवसानंतर सुरू होते, आणि तोवर कॅमेरे निघून गेलेले असतात.

आमच्या मित्राने एकदा अशाच एका कामगाराच्या निकालाची बातमी दिली. छापून आली ती ‘शहरातील एका कंपनीतील’ अशी. कंपनीचे नाव गायब. त्याच अंकात शेवटच्या पानावर त्या कंपनीची रंगीत जाहिरात होती. तो काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात मानधनाच्या यादीत ती बातमीच नव्हती.

गंमत पाहा, दुसऱ्याच्या वेतनाचे दावे लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःला वेतन नाही. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ चा कायदा होता. अर्धवेळ पत्रकारही त्याच्या व्याख्येत येत होता. मजिठिया वेतन आयोग सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली उचलून धरला आणि १९ जून २०१७ ला कंत्राटी पत्रकारांनाही तो लागू असल्याचे सांगितले. तो निकाल त्याने कोर्टाच्या कँटीनमध्ये आम्हाला मोठ्याने वाचून दाखविला आणि चहाचे पैसे आम्हालाच द्यायला लावले. ‘दावा लाव, वकीलपत्र आम्ही फुकट घेतो,’ असे आम्ही म्हणालो. तो म्हणाला, ‘वकीलसाहेब, कामावर ठेवल्याचा एक तरी कागद आहे का माझ्याकडे? नावसुद्धा छापत नाहीत, “वार्ताहर” म्हणून जाते.’ नाव नाही म्हणून अधिस्वीकृती नाही, अधिस्वीकृती नाही म्हणून सवलती नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९५५ चा तो कायदाही त्यांच्या पोटात गेला.

आता थोडे आमच्याविषयी, कारण दुसऱ्यांकडे बोट दाखविणे सोपे असते. आम्ही चळवळीतले वकीलही या माणसाशी नीट वागलेलो नाही. काही वर्षांपूर्वी अ‍ॅट्रॉसिटीच्या एका खटल्यात आम्ही पीडिताच्या वतीने उभे होतो. त्याच सुमारास एका परिषदेच्या तयारीत अडकल्यामुळे आम्ही लागोपाठ मुदती मागितल्या. मित्राने रोजनामा पाहून सरळ लिहिले की खटला लांबण्याच्या कारणांत पीडिताच्या वकिलांनी मागितलेल्या मुदतीही आहेत. आम्ही संतापलो. ‘तू कुणाच्या बाजूचा?’ असे त्याला कोर्टाच्या आवारात, चार लोकांदेखत विचारले. वर्षभर बोललो नाही. त्या बातमीचे कात्रण मात्र पीडिताच्या म्हाताऱ्या आईने जपून ठेवले होते. पुढच्या तारखेला तिने ते आमच्यासमोर उलगडून धरले आणि विचारले, ‘दादा, हे खरं हाय का?’ त्यानंतर त्या खटल्यात आम्ही मुदत मागितली नाही.

आपल्या दैनिकांबद्दलही बोलले पाहिजे, हे दैनिक धरून. जयंतीचे शुभेच्छा-फलक, नियुक्त्या, सत्कार, धम्मपरिषदांचे वृत्तांत यांना पाने मिळतात. अत्याचाराची पहिली बातमीही आपण ठळक छापतो, मोर्चाची छापतो. दोषारोपपत्र दाखल झाले का, साक्षी कधी सुरू झाल्या, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५ अ (१०) प्रमाणे कामकाजाचे चित्रीकरण होते आहे की नाही, यासाठी अर्धा कॉलमसुद्धा राखलेला नसतो. पैसा नाही, हे कारण खरे आहे. मोठे भांडवल आणि जाहिराती आपल्यामागे कधीच नव्हत्या. पण एका परिषदेच्या मंडपाचा आणि साऊंडचा खर्च काढला, तर एका तालुक्याच्या बातमीदाराचे वर्षाचे पेट्रोल त्यात बसते. हा हिशेब आम्ही स्वतः एका परिषदेचे खजिनदार म्हणून केलेला आहे.

अशा कामाला फळ येते का, असे विचारणाऱ्यांनी तुरुंगांचे उदाहरण पाहावे. देशातल्या तुरुंगांत स्वयंपाक कुणी करायचा आणि संडास कुणी साफ करायचे हे जातीवरून ठरते, हे मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२० मध्ये राज्याराज्यांच्या तुरुंग नियमावल्या तपासून आणि कैद्यांशी बोलून लिहिले. त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. स्वतः याचिकाकर्त्या झाल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरविले, त्यात कलम १७ चाही आधार घेतला आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. घटना अमलात येऊन चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती. तोवर त्या नियमावल्या कुलपात नव्हत्या, छापील होत्या. आम्ही वकिलांनीही त्या हाताळल्या होत्या.

परवा रात्री मित्राचा फोन आला. पन्नाशी जवळ आली आहे, पाठ दुखते, चाकणच्या खड्ड्यांतून गाडी चालवत नाही म्हणाला. मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची आहे, एका गृहप्रकल्पाच्या जाहिरातींचा मजकूर लिहायचे काम मिळते आहे, महिन्याला ठरलेली रक्कम. आम्ही काय बोलणार? थोडा वेळ थांबून त्यानेच विचारले, त्या कात्रणातल्या खटल्यात अपील करताय का? आम्ही म्हणालो, पीडितातर्फे करतो आहोत, नकलेच्या अर्जावर उद्या सही घ्यायची आहे. त्याने अपिलाची मुदत कधी संपते ते विचारले आणि दाखल झाले की नंबर कळवा म्हणाला. पत्रक नको, फक्त नंबर.